डोळ्याचा वाटा

दोन वाटे घेणारा म्हातारा रापणीत ठेवावा की काढावा, हा वाद आमच्या वाडीत पुन्हा सुरू झालाय. ह्या खेपेला म्हातारा मी आहे. पोरं माझ्यासमोर बोलत नाहीत. मी आलो की होडीला डांबर कधी लावायचं ह्यावर बोलायला लागतात, जसं काही मला डांबराचीच काळजी. अरे, शिवकाका आला की मीही असाच विषय बदलत होतो, नऊ वर्षांपूर्वी. ही सगळी कला मला येते.

येत्या सोमवारी देवळात बैठक आहे. त्याआधी शिवकाकाचं एकदा सांगून टाकतो. मनात धरून ठेवायचा आता कंटाळा आलाय.

आमची वाडी पुळ्याच्या अलीकडे. रत्नागिरीहून निघालं तर खाडी तरीतून उतरून अर्ध्या दिवसाची चाल. वाडीचं पोट रापणीवर. रापण म्हणजे सगळ्या वाडीचं मिळून एक जाळं, घरटी एक तुकडा, सगळे तुकडे एकमेकांना जोडलेले. होडी ते जाळं सोडत समुद्रात अर्धगोल फिरते, दोन टोकांचे दोर पुळणीवर येतात आणि आम्ही दोन्हीकडून ओढतो. मासळी वाळूवर आली की तिचे सारखे ढीग घालायचे. माणसामागे एक, जाळ्याच्या तुकड्यामागे एक, होडीचा एक, देवाचा एक. आणि एक डोळ्याचा.

डोळा म्हणजे टेंबावर, पुळणीलगतच्या टेकाडावर, उभा राहून पाणी बघणारा. होडीत बसलेल्याला नुसत्या लाटा दिसतात, खाली मासळी आहे की नाही ते उंचावरूनच कळतं. बांगड्याचा थवा खाली असला की पाण्यावर काळसर जांभळी झाक येते. तारली असली की तेवढंच पाणी शिरशिरतं, बाजूचं नाही. टेंबावरचा माणूस पंचा उजवीकडे उडवतो, होडी उजवीकडे जाते. डोक्यावर धरतो, होडी थांबते. पंचा खाली टाकला की जाळं सोडायचं. चाळीस माणसांची दिवसभराची मेहनत त्या पंच्यावर असते. म्हणून त्याला माणसाचा एक वाटा आणि डोळ्याचा एक, असे दोन.

शिवकाका माझा सख्खा काका नव्हे. वाडीत सगळेच त्याला काका म्हणायचे. पंधराव्या वर्षी तो दाभोळच्या एका गलबतावर चढला. नारळ, सुपारी भरून मुंबईला न्यायची आणि येताना जे मिळेल ते आणायचं, असं वीस वर्षं केलं. मग डोलकाठीवरून पडला आणि कंबर गेली. वाडीत परत आला तेव्हा दोर ओढायच्याही कामाचा नव्हता. घरात बसून करणार काय, म्हणून टेंबावर उंडिणीच्या झाडाखाली जाऊन बसायचा. एक दिवस तिथून ओरडायला लागला. आमचा जुना डोळा तेव्हा खाली बिडी ओढत होता. शिवकाकाच्या ओरडण्यावर होडी सोडली, आणि त्या दिवशी बांगडा इतका लागला की बायकांना पाट्या पुरेनात, लुगड्याच्या ओच्यातून मासळी नेली. दुसऱ्या दिवसापासून पंचा शिवकाकाच्या हातात.

मला पाणी बघायला त्यानंच शिकवलं. मी दोरावरचा पुढचा माणूस, पण ओहोटीला काम नसलं की टेंबावर जायचो. तो बोलायचा कमी. "बग," म्हणायचा, आणि मी बघायचो. मला काही दिसलं नाही की रागवायचा नाही, पुन्हा "बग" म्हणायचा. बाप माझा लवकर गेला होता. मला इतक्या शांतपणे कुणी काही शिकवलं नाही.

भागूकाकी, त्याची बायको, रोज सकाळी पेजेचं मडकं घेऊन टेंबावर चढायची. तो पेज प्यायचा आणि ती तिथेच काथ्या वळत बसायची. एकुलती मुलगी चिमा, ती दाभोळला दिलेली, घरात दुसरं कुणी नाही. आम्ही खालून चेष्टा करायचो. म्हाताऱ्याचा संसार आता कुठे रंगात आलाय, म्हणायचो. काकी वरून म्हणायची, "तुमच्या बायका खाली बसतात काय तुमच्याजवळ? मग जळता कशाला?" आम्ही हसायचो. सगळे हसायचो आणि दोर ओढायचो. चाळीसातल्या एकालाही काही सुचलं नाही.

मिठाच्या सत्याग्रहाचं वर्ष उजाडलं आणि दिवस फिरले. मासळीला भाव नाही, मुंबईत गिरण्यांतून माणसं कमी करायला लागले. माझा धाकटा भाऊ मोरू आगबोटीनं परत आला, डोक्यावर ट्रंक घेऊन. चोवीस वर्षांचा, लग्नाचा, आणि रापणीत जागा नाही. नवा माणूस घ्यायचा म्हणजे प्रत्येकाच्या ढिगातून मूठ मूठ कमी होणार, कोण तयार होतंय? मोरू दिवसभर पुळणीवर बसून टेंबाकडे बघायचा. "सावलीत बसून दोन वाटे," म्हणायचा. "आणि मी उपाशी." मी त्याला गप्प करायचो, पण मनात आलंच. खोटं कशाला बोलू? डोळ्याचा वाटा मोकळा झाला तर मोरू इथे राहील, हे माझ्या मनात त्याच्याआधी आलं होतं.

दिवाळी झाल्यावर काकी हिवतापानं पडली. तीन दिवस टेंबावर आली नाही. तिसऱ्या दिवशी शिवकाकानं पंचा उजवीकडे उडवला, आणखी उजवीकडे, मग खाली टाकला. होडीतल्यांना शंका आली होती, पण टेंबाचं ऐकायचं ही शिस्त. जाळं गेलं ते थेट खडपावर, पाण्यातल्या खडकांवर. आम्ही ओढतोय, दोर येत नाही, आणखी जोर लावतोय, आणि मग एकदम सैल झाला. चार घरांचे तुकडे फाटले. मासळी म्हणून हाताला लागल्या त्या नऊ खेकड्या. रापण दहा दिवस बंद, ऐन हंगामात.

खडप काय नवीन उगवलं होतं? आमच्या आज्यांच्या आधीपासून तिथे आहे. पोरासोरालाही दिसतं. शिवकाकाला दिसलं नाही.

बैठक देवळाच्या अंगणात भरली. होडी आत्मारामची, म्हणून तोच कारभारी. माणूस वाईट नाही, फक्त वाईट गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून बोलवून घ्यायची सवय. "रघू, तू बोल," मला म्हणाला. "तू त्याच्या हाताखाली वाढलास. तू बोललास तर कुणाला वाईट वाटणार नाय."

मी उठलो. शिवकाका खांबाला टेकून बसला होता, पंचा मांडीवर घडी करून ठेवलेला. मी म्हणालो, "काकाचा माणसाचा वाटा राहू दे. डोळ्याचा काढावा." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण सगळे माना डोलवत होते आणि मला जोर चढला. "डोळाच राहिला नाय, तर डोळ्याचा वाटा कसला?"

कुणीतरी हसलं. शिवकाकानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं, माझ्या उजव्या खांद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "रघू बरोबर बोलला." मग चाचपडत उठला आणि पंचा आत्मारामच्या हातात दिला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

पण मग माणसाच्या वाट्याचं तरी काम काय? दोर ओढवत नाही, पाणी दिसत नाही. आत्मारामलाच सुचलं. आमच्याकडे वाटे असे लागतात: ढीग सारखे घालायचे, मग एकानं त्यांच्याकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करायचं. दुसरा एकेका ढिगावर हात ठेवून विचारणार, हा कुणाचा? पाठमोरा नाव घेणार. ज्याचं नाव त्याचा ढीग, मग कुणाला मोठा आला, कुणाला बारका, भांडण नाही. एकदा नाव घेतलं की ते फिरवायचं नाही. माझ्या आज्याच्या काळापासून कधी फिरलं नव्हतं. आत्माराम म्हणाला, "नावं आता काकानं घ्यावी. तोंड कुठेही केलं तरी काकाला ढीग दिसायचे नाय. ह्याच्याहून सरळ माणूस कुठे मिळेल?" चांगल्या मनानं बोलला तो. शिवकाका "बरं" म्हणाला. ढिगांवर हात ठेवायचं काम माझं होतंच.

पंचा मोरूला मिळाला. मीच सुचवलं. मी वर गेलो तर दोर पुढून कोण धरणार, असं कारण दिलं, आणि विरोध करायला कुणाकडे दुसरा माणूस नव्हता. मोरूनं उत्साहानं काम धरलं. ढगाची सावली दिसली की पंचा उडवायचा. दिवसातून चार चारदा होडी सोडली, चार चारदा दोर ओढले, आणि आलं काय तर शेवाळ. दोन महिन्यांत तारली दोनदा लागली, तीही देवाचा वाटा काढताना लाज वाटावी इतकी. हाताला फोड, पोटात भूक, आणि वर मोरू टेंबावरून ओरडतोय की होडी हळू नेता. भाऊ होता म्हणून, नाहीतर मीच खाली ओढला असता त्याला.

एका दुपारी घरी आलो. बायकोनं विचारलं, "आज काय लागलं?"

"शेवाळ."

ताटात पेज वाढता वाढता ती म्हणाली, "भागूकाकीला पुन्हा बसवा टेंबावर."

"काकी बसून काय करणार? काकाला दिसत नाय."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खाऊन घ्यावं आणि गप्प झोपावं. "काकाला चार वर्षं दिसत नाय," ती म्हणाली. "पाणी काकी बगायची. काथ्या वळता वळता सांगायची, डाव्या अंगाला, दोन होड्या पलीकडे, आता टाका. ते पंचा टाकायचे. ती तापानं पडली तेव्हा जाळं खडपावर गेलं, तरी तुमच्या डोक्यात उजेड पडला नाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या बायकांना ठाऊक हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी? आणि बोलले असते तर? बाईमाणूस पाणी बगतं म्हटल्यावर तुमी जाळं सोडलं असतं?"

नसतं सोडलं. दोर पाण्यात असताना बायकांनी तो ओलांडायचा नाही, वाटे लागेपर्यंत पाट्या घेऊन लांब उभं राहायचं, अशी आमच्याकडे रीत. बाईच्या बोलण्यावर रापण लावली म्हटलं असतं तर आत्मारामनं होडी खडपावर नेऊन फोडली असती. दोन वाटे घेतो म्हणून आम्ही ज्याला काढलं, त्या घरातली दोन माणसं काम करत होती. त्या चार वर्षांत एका माणसाला दोन वाटे कधी मिळालेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी काकीकडे गेलो. अंगणात काथ्या वळत बसली होती. शिवकाका आत निजला होता. मी म्हणालो, "काकी, टेंबावर चल पुन्हा. मोरूशेजारी बस."

"मोरूला पेज न्यायला मी त्याची कोण?"

"चेष्टा नको, काकी. वाडी उपाशी मरतेय. वाट्यातलं अर्धं तुला मी स्वतः आणून देईन, कुणाला कळणार नाय."

तिनं काथ्या खाली ठेवला. "कुणाला कळणार नाय असंच चार वर्षं खाल्लं, रघू. ते ह्यांच्या नावानं होतं. मोरूच्या नावानं मी कशाला खाऊ?" मग म्हणाली, "मी येते. उद्या येते. पण डोळ्याच्या ढिगाला माझं नाव घ्यायचं. सगळ्यांसमोर, भागूचा म्हणून."

मी म्हणालो, बघतो. आत्मारामशी बोलतो म्हणालो. बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू करत शिमगा आला. खरं कारण सांगतो: डोळ्याचा ढीग भागूकाकीचा झाला की मोरूचा जातो, आणि मोरूचं लग्न शिमग्यानंतर ठरत होतं.

शिमग्याला आठ दिवस असताना बांगडा आला. इतका आला की वर पक्ष्यांचं छत झालं, टेंबावर चढायचीही गरज नव्हती. मोरूनं पंचा टाकला आणि स्वतःच उड्या मारत खाली आला. ओढता ओढता आमचे खांदे गेले. कित्येक महिन्यांनी पुळणीवर ढीग दिसले. बायका पाट्या घेऊन लांब उभ्या राहिल्या. आणलं शिवकाकाला हाताला धरून. तो समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

मी पहिल्या ढिगावर हात ठेवला. "हा कुणाचा?"

"देवाचा."

"हा कुणाचा?"

"आत्मारामचा."

अशी सगळी नावं झाली. त्याला सगळी पाठ होती, एकही चुकलं नाही. माझं नावही त्यानं इतरांसारखंच घेतलं. शेवटचा ढीग राहिला. नाव एकच राहिलं होतं, डोळ्याचं. मी हात ठेवला. "हा कुणाचा?"

शिवकाका बोलेना. वारा सुटला होता, मला वाटलं ऐकू गेलं नसेल. पुन्हा विचारलं.

"भागूचा," तो म्हणाला.

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही. घरातही घेत नाही. मी वळून बघितलं. बायकांच्या रांगेतून भागूकाकी एक पाऊल पुढे आली होती, पाटी कमरेवर. बाकीच्या बायका तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्यात माझी बायकोही होती.

मोरू फसकन हसला. "म्हाताऱ्याला भ्रम झाला."

आत्माराम मऊ आवाजात म्हणाला, "काका, डोळ्याचा ढीग मोरूचा. चुकलात." आणि माझ्याकडे बघितलं. नाव घेतलेलं फिरवायचं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण हात माझा होता. मी एवढंच म्हणायचं होतं की नाव झालं, ढीग तिचा. का तिचा, तेही मला ठाऊक होतं. शिवकाका सोडला तर पुरुषांत मला एकट्याला ठाऊक होतं.

मी ढिगावरचा हात उचलला आणि पुन्हा ठेवला. "हा कुणाचा?"

शिवकाका समुद्राकडे बघत होता, म्हणजे त्याचं तोंड तिकडे होतं. "मोरूचा," तो म्हणाला. काकी ते एक पाऊल मागे गेली.

चैत्रात ती दोघं चिमाकडे दाभोळला निघून गेली. सामान किती, एक ट्रंक आणि काथ्याची दोन बिंडं. ती मी मचव्यापर्यंत वाहून नेली. काकी मचव्यात बसताना म्हणाली, "ह्यांनी एकदा तरी नाव घेतलं. तुझ्यामुळं घेतलं नाय, हां, उगाच मनाला लावून घेऊ नको." मी ट्रंक तिच्या पायाशी सरकवली. दोन वर्षांनी एका मचवेवाल्यानं शिवकाका गेल्याचं सांगितलं. काकी आहे अजून म्हणतात. मी गेलो नाही भेटायला. कुठल्या तोंडानं जाऊ?

आणि मोरू? ज्याच्यासाठी हे सगळं केलं, त्याला मुंबईच्या गिरणीतून बोलावणं आलं आणि पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीत तो बसला. पंचा पुळणीवरच टाकून गेला. रापणीत पाणी बघायला शिकलेला मीच उरलो होतो. तेव्हापासून टेंबावर मी आणि दोन वाटे मला.

आता पोरं म्हणतात, रघूआबा सावलीत बसून दोन वाटे खातो. बरोबर आहे त्यांचं. अर्धंच ठाऊक आहे, पण बरोबर आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि गेल्या पावसाळ्यापासून डावाही धूसर झाला. पंचा अजून पोरांच्या म्हणण्याप्रमाणे चोख पडतो. बायको सकाळी पेज घेऊन वर येते. येते आणि बसते. मी तिला एकदाही बस म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवशी काथ्याचं बिंड घेऊनच आली, माझ्या डाव्या अंगाला बसली आणि म्हणाली, "पंचा डोक्यावर धरा. अजून लांब हाय."

काल तिला सांगितलं की सोमवारी बैठकीत उठून सगळं बोलणार. आणि पुढचे वाटे लागतील तेव्हा नावं मी घेणार, डोळ्याच्या ढिगाला तिचं नाव घेणार, मोठ्यानं. घेऊन दाखवू का, म्हटलं. आणि घेतलं, घरातल्या घरात, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. "गोदाचा."

ती काथ्या वळत होती. हात थांबला नाही तिचा.

"नाव तुमी घ्याल हो," गोदा म्हणाली. "ढिगावर हात कुणाचा असेल, ते आधी बगा."